तेवीस मिनिटांचं मंगलाचरण

प्रश्न पंधरा मिनिटांचा होता आणि त्यासाठी नरहरकाकांनी रविवारी सकाळी दहाची बैठक बोलावली होती. बनारसच्या दुर्गाघाटावरच्या आठल्यांच्या घरात बैठक म्हटलं की नवीन काही नव्हतं. पौरोहित्याच्या यजमानांच्या वाटणीपासून विश्वजीतच्या लग्नापर्यंत सगळं याच खोलीत बसून ठरलं होतं, म्हणजे या खोलीत भांडण झालं होतं आणि ठरलं स्वयंपाकघरात होतं. तरी काका दर वेळी वही उघडून इतिवृत्त लिहीत. बँकेतून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती. मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आपल्या दोन खोल्यांत त्यांना आता लिहिण्यासारखं काही घडत नसे, म्हणून ते थोरल्या भावाकडे येऊन लिहीत.

प्रकरण वैदेहीच्या कॅसेटचं होतं. वैदेही बत्तीस वर्षांची, मुलींच्या शाळेत गाणं शिकवणारी, आणि शाळा सुटल्यावर स्वतः बांधलेली गाणी बनारसी बोलीत कुठेही जाऊन म्हणणारी. विणकरांच्या मोहल्ल्यात, मल्लाह नावाड्यांच्या सभेत, विद्यापीठाच्या फाटकासमोर. घरात या सगळ्याला ‘वैदेहीचं ते’ म्हणत. ‘ते’ आपोआप बरं होईल म्हणून दहा वर्षं वाट पाहिली गेली, आणि अखेर चौकातल्या एका कंपनीने त्याची कॅसेट काढायचं कबूल केलं. नाव ‘भिनसार’, म्हणजे पहाट. सात गाणी, एकूण बावन्न मिनिटं. बंद पडलेले माग, न येणारं पाणी, दंग्यानंतरचे महिने, आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटी कसलीतरी हट्टी आशा.

वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, दिनानाथशास्त्रींनी, तिच्याकडे एकच मागितलं होतं. आरंभी मंगलाचरण हवं. चार ओळी, त्यांच्या आवाजात. अण्णांनी लग्नाखेरीज आजवर तिच्याकडे काही मागितलंच नव्हतं, त्यामुळे ती आनंदाने हो म्हणाली. तिथेच चुकलं.

कारण त्या चार ओळी घराण्याच्या स्तोत्रातल्या होत्या. पणजोबांनी रचलेलं, शहाण्णव श्लोकांचं, आणि एकदा तोंडाला लागलं की मध्ये थांबायचं नाही असा चार पिढ्यांचा नेम. चौतीस सालच्या भूकंपात आजोबा म्हणत होते तेव्हा शेजारची भिंत पडली, आजोबा थांबले नाहीत आणि आपली भिंतही म्हणून पडली नाही, अशी घरातली हकिकत आहे. खुद्द अण्णांचा चष्मा एकदा माकडाने पळवला. अण्णांनी उरलेले एकाहत्तर श्लोक चष्म्याशिवाय संपवले आणि मगच काठी घेऊन गच्चीवर गेले. स्टुडिओत त्यांनी पहिला श्लोक म्हटला, चार ओळी झाल्या, आणि जीभ सवयीने पाचवीवर गेली. काचेमागचा रेकॉर्डिंगवाला दोन्ही हात हलवू लागला. अण्णांना वाटलं दाद देतोय. त्यांनी पट्टी थोडी चढवली. तेवीस मिनिटांनी ते थांबले तेव्हा स्टुडिओची वेळ संपली होती.

कॅसेट साठ मिनिटांची. बावन्न आणि तेवीस म्हणजे पंच्याहत्तर. पंधरा मिनिटं कुठून काढायची ते आज बारा वाजेपर्यंत कंपनीला फोनवर सांगायचं होतं. मंगलाचरणच काढावं, हा पर्याय खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होता आणि प्रत्येकजण दुसरीकडे बघत होता.

“विषय क्रमांक एक, कॅसेटची लांबी,” काका म्हणाले. “विषय क्रमांक दोन, इतर.”

“विषय एकच आहे, काका,” वैदेही म्हणाली.

“असू दे. इतर ठेवावं लागतं.”

वैदेहीचा थोरला भाऊ विश्वजीत आणि त्याची बायको नंदा रेल्वे कारखान्याच्या कॉलनीतून येताना मलइयोचे, म्हणजे थंडीतल्या गोड दुधाच्या फेसाचे, सहा कुल्हड घेऊन आले होते. विश्वजीतला वाटलं होतं अर्ध्या तासात मोकळे होऊ. मलइयोचा फेस उन्हात उतरत चालला होता आणि काका अजून तारीख लिहीत होते. अण्णा तक्तपोसावर मांडी घालून, शाल गुंडाळून, डोळे मिटून बसले होते. ते डोळे मिटून बसले की संमती आहे असं धरायची घराची रीत होती. त्यांनी कधी ती नाकारली नव्हती, कारण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

“हे बघ वैदू,” विश्वजीत म्हणाला, “मला व्यक्तिशः काही ऑब्जेक्शन नाही.”

“दादा, तू व्यक्तिशः म्हणालास की पुढे ऑब्जेक्शन असतं.”

“ऐक तर. आशा पाहिजेच. आशा अच्छी चीज है. पण ते जे आशेच्या आधी येतं ना तुझ्या गाण्यांत, ते कमी कर. आता ते ‘फाटक’. कारखान्याच्या फाटकावर लोक बसलेत, आत साहेब पान खातोय. पाच मिनिटं आहे. ते काढ.”

“साहेब पान खातो असं कुठे आहे? साहेब मागल्या दाराने निघून जातो असं आहे.”

विश्वजीत रेल्वे कारखान्यात साहेबच होता. सप्टेंबरातल्या धरण्याच्या वेळी तो मागल्या दारानेच निघाला होता आणि हे आपल्याखेरीज कोणाला माहीत नाही असं त्याला वाटत होतं.

“फाटक काढायला हरकत नाही,” काका लिहिता लिहिता म्हणाले. “पाच मिनिटं झाली. उरली दहा.”

“मग ‘बाबू’ काढा,” नंदा म्हणाली. “तेही पाचच मिनिटांचं. तो खिडकीतला बाबू, रोज ‘कल आना’ म्हणणारा.”

काकांचं पेन थांबलं. ‘बाबू’ हे गाणं त्यांच्यावर आहे असं त्यांना सगळ्यांनी सांगितलं होतं, आणि बत्तीस वर्षं बँकेच्या खिडकीत काढल्यावर आपल्यावर कोणी गाणं केलं याचा त्यांना आतून फार आनंद झाला होता.

“ते अजिबात काढायचं नाही,” ते म्हणाले. “त्यात सामाजिक आशय आहे.”

“आणि फाटकात नाही?” वैदेहीने विचारलं.

“फाटकात अतिशयोक्ती आहे.”

असा अर्धा तास गेला. फाटक वाचवायला वैदेही, बाबू वाचवायला काका, आणि काका बाबूला हात लावू देत नाहीत म्हणून दोन्ही काढायला अडून बसलेला विश्वजीत. मग काका व पुतण्या एकदम एकमेकांकडे बघून समेटाला आले. एक गाणं असं होतं की जे एकट्याने पंधरा मिनिटांचं होतं. ते काढलं की बाबू वाचत होतं, आणि फाटकाच्या मागल्या दाराबद्दल विश्वजीतला आणखी बोलावं लागत नव्हतं. शिवाय ते काढण्याचं कारण कोणालाही तोंड वर करून सांगता येण्यासारखं होतं.

“‘केवाड’ काढावं,” काका म्हणाले. “अण्णांच्या अब्रूसाठी.”

“मी तेच म्हणणार होतो,” विश्वजीत म्हणाला.

‘केवाड’ म्हणजे दार. ते गाणं कोणत्या दाराचं ते सांगायची गरज नव्हती. गेल्या डिसेंबरच्या त्या दिवसाची हकिकत घरात एकच होती आणि ती सगळ्यांना पाठ होती. कर्फ्यूचा तिसरा दिवस. सकाळी सफीउल्ला मियाँ गलीतून येऊन दार ठोकत होते. सफीउल्ला म्हणजे वीस वर्षं अण्णांचं सोवळं विणणारे विणकर. पूजेचा रेशमी पितांबर त्यांच्या हातचा असल्याशिवाय अण्णांना चालत नसे, आणि यात काही विचित्र आहे असं दोन्ही घरांत कधी कोणाला वाटलं नव्हतं. नवा पितांबर द्यायचा होता म्हणून मधली दोन तासांची सूट बघून ते निघाले होते. सूट मध्येच रद्द झाली. आत अण्णा शांततेसाठी स्तोत्र म्हणत होते. पाठात असताना बाहेरचं ऐकू येत नाही. पाठ संपल्यावर दार उघडलं तर गलीत कोणी नव्हतं. पुढे आठ दिवसांनी कळलं की गलीच्या तोंडाशी त्यांना कोणीतरी गाठलं आणि उजव्या हाताची बोटं मोडली. कोणी, ते कधीच कळलं नाही. त्यांनी नंतर माग चालवला नाही. फार वाईट झालं. पण पाठात ऐकू येत नाही.

“ते गाणं काढलं तर मी बाकीचं काढत नाही,” वैदेही म्हणाली. आवाज शांत होता, पण तिने ओढणीचं टोक मुठीत गच्च धरलं होतं. “त्या एका गाण्यासाठी ही कॅसेट आहे. ते नसेल तर उरलं काय? पहाट होईल, पहाट होईल. कशानंतर?”

“असं टोकाला जायचं नसतं,” विश्वजीत म्हणाला. “बीच का रास्ता असतो. शब्द काढ, धून ठेव. नुसतं वाजवायचं. बासरी-बिसरी.”

“किंवा शहर बदल,” काका म्हणाले. “कानपूर कर.”

“कानपुरात काय झालं होतं?”

“तेच म्हणतो मी. आपल्याला काय माहीत. म्हणजे कोणाला लागणार नाही.” काकांना स्वतःची सूचना आवडली आणि त्यांनी ती लिहून घेतली. “पितांबराचीही चादर कर. चादर कोणीही विणतो.”

“काका, ते वीस वर्षं पितांबर विणत होते.”

“गाण्यात वीस वर्षं कोण मोजतंय.”

नंदाने घरून ठरवून आणलं होतं की आपण नवऱ्याच्या बाजूने बोलायचं, आणि ती बोललीही होती. पण एक गोष्ट तिच्या लक्षात आली आणि ती तिला सोडेना. विश्वजीतने हे गाणं कुठल्याशा कार्यक्रमात दोन ओळी ऐकलं होतं आणि पितांबर शब्द येताच उठून बाहेर आला होता. काकांनी तेही ऐकलं नव्हतं. अण्णांसमोर ते कोणी म्हणणं शक्य नव्हतं. म्हणजे अण्णांची अब्रू नेमकी कुठे जाते आहे हे इथल्या कोणालाच माहीत नव्हतं.

“आपण ते एकदा ऐकायचं का?” ती म्हणाली.

विश्वजीतने बायकोकडे असं पाहिलं की परतीच्या रिक्षात काय होणार ते तिला कळलं.

“पंधरा मिनिटं आहे,” काका म्हणाले. “साडेअकरा वाजलेत.”

वैदेहीची आई सीताबाई चुडा-मटरचं, म्हणजे मटार घातलेल्या पोह्यांचं, पातेलं घेऊन दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. “लावा,” त्या म्हणाल्या. “मी पण ऐकलेलं नाही. खाताना ऐका.”

टेपरेकॉर्डर कोनाड्यात होता. वैदेहीने स्टुडिओतून आणलेली नमुन्याची कॅसेट लावली. हे गाणं तिने मोहल्ल्या-मोहल्ल्यांत शेकडो लोकांपुढे म्हटलं होतं आणि एकदाही भीती वाटली नव्हती. आज वाटत होती. अण्णा ऐकतील म्हणून ती वर्षभर घरात गुणगुणलीही नव्हती.

आधी नुसता ढोलक वाजला, दारावर थाप पडावी तसा. मग तिचा आवाज आला.

*जे हथवा बिनलस पितांबर तोहार, ऊ हथवा खटकावे केवाड.*

ज्या हाताने तुझा पितांबर विणला, तो हात दार ठोकतो आहे. काकांनी मान हलवली, हे बघा, असं म्हणायला. विश्वजीत जमिनीकडे बघत राहिला. गाणं पुढे चाललं. गली कशी रिकामी होती, कबुतरं कशी उडाली, दारावर किती वेळा थाप पडली. सगळे वाट बघत होते की आता येईल, आता म्हातारा पंडित येईल, त्याचा पाठ येईल, त्याची थट्टा येईल. ते आलंच नाही. पंडित गाण्यात नव्हताच.

*कुंडी त हमरे लग्गे रहल, हमहीं ना खोलली.*

कडी माझ्याच जवळ होती, मीच उघडली नाही. ती ओळ चार वेळा येत होती आणि चारही वेळा ‘हमहीं’ म्हणताना आवाज थोडा फाटत होता. शेवटाकडे आठवा दिवस आला. मोडल्या हाताने विणकराने तोच पितांबर मुलाबरोबर पाठवला, जुन्या वर्तमानपत्रात बांधून, आणि सोबत सलाम पाठवला. *भिनसार होई,* वैदेही म्हणत होती, *केहू त केवाड खोली.* पहाट होईल, कोणीतरी दार उघडेल.

टेपचा खटका पडला. चुडा-मटरला कोणी हात लावला नव्हता. काकांनी घसा साफ केला.

“बघा, म्हणजे तसं यात अण्णांचं नाव नाही,” ते म्हणाले. “माझी हरकत मी थोडी शिथिल करायला तयार आहे. फक्त पितांबर…”

“हे खोटं आहे,” सीताबाई म्हणाल्या.

वैदेही वळली. “आई?”

“तू माडीवर होतीस. खिडकीतून बघत होतीस, मला माहीत आहे. तुझ्याजवळ कुठली आली कडी? कडीवर माझा हात होता.” त्या पातेल्याजवळ खाली बसल्या. “मी कडी अर्धी सरकवली होती. मग यांच्याकडे पाहिलं.”

एवढंच म्हणून त्या थांबल्या. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्या ‘यांच्याकडे पाहिलं’ इथेच थांबत आल्या होत्या आणि पुढचं वाक्य घरात कधी बोललं गेलं नव्हतं.

अण्णांनी डोळे उघडले. गाणं सुरू असताना त्यांना एक गोष्ट कळली होती आणि ती त्यांना सहन होत नव्हती. मुलीने आपल्याला वगळलं. मोहल्ल्या-मोहल्ल्यांत जाऊन, परक्या लोकांपुढे, तिने वर्षभर त्यांचा अपराध स्वतःच्या नावावर म्हटला होता. आणि आपण तिच्या कॅसेटवर तेवीस मिनिटं बसलो आहोत.

“मी हात वर केला,” ते म्हणाले. “थांब म्हणून. ऐकू येत होतं मला. सगळं ऐकू येत होतं. त्याने ‘पंडितजी’ म्हणून हाक मारली तीही. मी आवाज चढवला.”

मंगला गौरीच्या बाजूने देवळातली घंटा एकदा वाजली. काकांचं पेन कागदावर टेकलेलं होतं आणि तिथे शाईचा ठिपका वाढत होता.

“हे इतिवृत्तात…” काका हळूच म्हणाले.

“लिहा, भावजी,” सीताबाई म्हणाल्या.

काकांनी लिहिलं नाही. त्यांनी वही मिटली, आणि बँकेतल्या त्या सगळ्या वर्षांत झालं नव्हतं एवढं चांगलं काम बहुधा त्यांच्या हातून निवृत्तीनंतर झालं.

वैदेही वडिलांच्या पायाशी येऊन बसली होती. “अण्णा, माझ्यासाठी ते गाणं तसंच खरं आहे,” ती म्हणाली. “मीही खाली धावले नाही. मला धावता आलं असतं.” मग रडू आवरून म्हणाली, “तुमचा पाठ राहू दे. मी दुसरं काहीतरी बघते.”

“पाठ पूर्ण काढून टाका, झालं,” विश्वजीत एकदम म्हणाला. सकाळपासून जे कोणी म्हटलं नव्हतं ते त्याच्या तोंडून गेलं आणि तो स्वतःच दचकला. “म्हणजे, अण्णा, खंड तर पडणार नाही ना त्यात. म्हटलंच नाही असं होईल. आपण सुटलो.”

“सुटलो,” अण्णा म्हणाले. त्यांनी तो शब्द तोंडात घोळवला आणि मान हलवली. “नाही रे. म्हटलं होतं. म्हटलंच होतं.” ते बायकोकडे वळले. “पहिली थाप पडली तेव्हा मी कुठे होतो?”

पंचेचाळीस वर्षं रोज ऐकलेला पाठ. सीताबाईंना आठवावं लागलं नाही. “बाराव्या श्लोकात. दुसऱ्या ओळीला.”

“बारा म्हणजे किती होतात?”

“पावणेतीन मिनिटं,” नंदा म्हणाली. तिने मनात हिशेब करून ठेवला होता.

“बसतात?”

“बसतात, अण्णा.”

“मग तिथे तोडायचं. ओळ पुरी होऊ द्यायची नाही. आणि लगेच तुझं ‘केवाड’, वैदू. मध्ये काही नको.”

“अण्णा, चार पिढ्यांत खंड पडलेला नाही,” काका म्हणाले. ते खरोखर घाबरले होते. “भूकंपात नाही पडला. आणि तुम्ही छापील कॅसेटवर, गावभर…”

“लोक म्हणतील कॅसेट बिघडली आहे,” वैदेही म्हणाली. “परत करायला येतील.”

“येऊ देत,” अण्णा म्हणाले, आणि फोनकडे गेले. बाराला सहा मिनिटं कमी होती. त्यांना फोन लावता येत नसे, म्हणून नंबर नंदाने फिरवला. खोलीतले सगळे उभे राहिले होते, कोणी कोणाला उठा म्हटलं नव्हतं. पलीकडे कंपनीचा माणूस होता आणि त्याला तेवीस मिनिटांचं मंगलाचरण मनापासून आवडलं होतं. आता पंडितजी ते मध्येच, एका शब्दावर तोडायला सांगत होते. त्याचा आवाज फोनमधून सगळ्यांना ऐकू आला.

“पंडितजी, बीच में काटेंगे तो अपशकुन नहीं होगा? पूरा हो जाने दीजिए.”

अण्णांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता.

“पूरा उस दिन किया था, भइया,” ते म्हणाले. “उसी का अपशकुन है.”

पलीकडच्याला काही कळलं नाही. त्याने एवढंच विचारलं की नेमकं कुठे तोडायचं, आणि अण्णांनी त्याला तो श्लोक दीड ओळीपर्यंत म्हणून दाखवला आणि थांबले.